जुन्या इंजिनासाठी बदली कार्बोरेटर निवडताना

कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, बदलायचं ठरलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "माझ्या गाडीला कुठला बसेल?" बसवायचाच म्हटलं तर काहीही बसवता येतं. अडॅप्टर प्लेट मिळते, लांब स्टड मिळतात, लिंकेज, म्हणजे पॅडलपासून कार्बोरेटरपर्यंतची जोडणी, वाकवून घेता येतं. पण बसलेला कार्बोरेटर थंडीत चालू होईल, गरम झाल्यावर आयडलला (पॅडल न दाबता) टिकेल, पॅडल दाबल्यावर झटका न मारता उचलेल आणि पेट्रोलही पिणार नाही, हे सगळं एकत्र जमणं अवघड असतं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: रस्त्यावर चालवायच्या गाडीला मूळ कार्बोरेटरच्या जितकं जवळचं माप घ्याल तितका त्रास कमी. दोन मापांत घोळ झाला तर लहान घ्या.

आधी दोष कार्बोरेटरचाच आहे का ते बघा

मिसिंग, पिकअप नसणं, आयडलला गाडी बंद पडणं, काळा धूर या तक्रारी कार्बोरेटरमुळे येतात, तशाच इतर दहा कारणांनीही येतात. इग्निशनचं टायमिंग मागे पडलेलं असेल, पॉइंटचा गॅप बिघडला असेल, डिस्ट्रिब्युटरवरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा पडदा फाटला असेल, टॅपेट घट्ट झाले असतील, तर कितीही चांगला कार्बोरेटर आणा, तक्रार तशीच राहते. म्हणून क्रम असा ठेवा: कॉम्प्रेशन, टॅपेट, प्लग आणि पॉइंट, टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर.

व्हॅक्यूम गेज असेल तर काम सोपं होतं. इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या ओतकामाला, लावून गरम इंजिन आयडलला ठेवा. साध्या कॅमशाफ्टचं निरोगी इंजिन पाऱ्याचे साधारण १७ ते २१ इंच दाखवतं आणि काटा स्थिर असतो. काटा ठरावीक ठेक्यात खाली आपटत असेल तर एखाद्या व्हॉल्व्हकडे किंवा प्लगकडे बघा. काटा स्थिर पण खूप खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा कुठून तरी इंजिन हवा घेतंय. हवा घेण्याची जागा बऱ्याचदा कार्बोरेटरखालचं गास्केट, मॅनिफोल्डचं गास्केट किंवा ब्रेक बूस्टरचा तडकलेला पाइप असते. नवा कार्बोरेटर यातलं काहीच बरं करणार नाही.

इंधनाची बाजूही तपासा. फिल्टर तुंबलेला, टाकीतून गंज येणारा, पंपाचा दाब कमी किंवा जास्त असलेला, यातल्या प्रत्येकाचा आळ कार्बोरेटरवर येतो.

दुरुस्त होईल की खरंच बदलायला हवा?

कार्बोरेटर उतरवून हातात घ्या. थ्रॉटलचा दांडा, म्हणजे हवेची वाट उघडणारी-मिटणारी बटरफ्लायची पट्टी ज्यावर बसवलेली असते तो, दोन बोटांत धरा आणि वरखाली हलवा. फिरवायचा नाही, नुसता वरखाली. अगदी किंचित हालचाल चालते. पण दांडा खटखट वाजत असेल आणि भोक अंडाकृती झालेलं डोळ्याला दिसत असेल, तर तिथून मोजमापाबाहेरची हवा आत जाते. अशा कार्बोरेटरमध्ये तुम्ही कितीही ओव्हरहॉल किट घाला, आयडल जागेवर येणार नाही. कारण ही गळती बटरफ्लायच्या स्थितीप्रमाणे बदलते. स्क्रू फिरवून ती भरून काढता येत नाही. भोकं मोठी करून त्यात पितळी बुश बसवणारा चांगला कारागीर मिळाला तर मूळ कार्बोरेटर वाचतो, आणि माझ्या दृष्टीनं तोच सगळ्यात उत्तम मार्ग. मूळ कार्बोरेटर त्या इंजिनासाठी जुळवलेला असतो. त्याचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं), लिंकेज आणि चोक (गार इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) सगळं घरचं असतं.

बदलावाच लागतो तो तीन-चार परिस्थितींत. बॉडीला भेग गेलेली असणं. फ्लॅन्ज, म्हणजे मॅनिफोल्डवर टेकणारा सपाट तळ, इतका वाकलेला असणं, की काचेवर ठेवून खाली फीलर गेज घातलं तर जाड पातं सहज शिरतं आणि घासून सपाट करायला धातू उरलेला नाही. आतल्या वाटा पांढऱ्या भुकटीनं खाल्लेल्या असणं. जस्ताच्या मिश्रधातूत पाणी साचून राहिलं की हे होतं. किंवा सुटे भाग मिळणंच बंद झालेलं असणं. फक्त फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठणाऱ्या वाटीत) चिकटा जमलाय, ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा फाटलाय, वाटी भरली की पेट्रोल थांबवणारा नीडल व्हॉल्व्ह बसत नाही, एवढंच असेल तर किट घाला आणि पुढचं सगळं विसरून जा.

हातातल्या कार्बोरेटरची ओळख पटवा

गाडीचं मॉडेल सांगून कार्बोरेटर मागू नका. जुन्या गाडीवर आज जो आहे तो मूळचाच असेल याची खात्री नाही. मधल्या एखाद्या मालकानं काय बसवलं असेल सांगता येत नाही. नंबर शोधा. होली, वेबर, एसयू, सोलेक्स, रोचेस्टर हे कार्बोरेटरचे ब्रँड. होलीच्या कार्बोरेटरवर एअर हॉर्नवर (वरच्या हवेच्या तोंडावर) 'लिस्ट' असं लिहून पुढे नंबर ठोकलेला असतो. वेबरचा प्रकार आणि नंबर बहुधा खालच्या फ्लॅन्जच्या कडेला असतो. एसयूच्या फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या स्क्रूखाली एक छोटी धातूची पट्टी असते. ती हरवलेली असेल तर मापावरूनच ओळखावं लागतं. रोचेस्टरचा नंबर बॉडीवरच असतो.

नंबराबरोबर आतले आकडेही लिहून ठेवा: व्हेंचुरीचा (हवा जाते त्या अरुंद गळ्याचा) व्यास, मेन जेट, आयडल जेट, एअर जेट. वेबर आणि सोलेक्सचे जेट साधारणपणे शंभरांश मिलिमीटरमध्ये सांगतात, म्हणजे १३० चा मेन जेट म्हणजे १.३० मिलिमीटरचं छिद्र. होलीच्या जेटचा नंबर असा थेट व्यास सांगत नाही, त्यामुळे एकाच्या नंबराची तुलना दुसऱ्याच्या नंबराशी करू नका. आणि उतरवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. कुठला पाइप कुठे जातो हे नंतर आठवत नाही.

इंजिनाला हवा किती लागते

इथे थोडं गणित करायचं आहे, पण ते सोपं आहे. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा स्वतःच्या क्षमतेएवढी हवा ओढतं. म्हणून लिटरमधली क्षमता निम्मी करा, त्याला जास्तीत जास्त आरपीएमनं गुणा, मिनिटाला किती लिटर हवा हे मिळेल. त्याला २८.३ नं भागलं की सीएफएम, म्हणजे मिनिटाला घनफूट. आता हा आकडा पूर्ण भरणाऱ्या सिलिंडरचा झाला. रस्त्यावरच्या साध्या इंजिनाचे सिलिंडर वरच्या आरपीएमला ७५ ते ८५ टक्केच भरतात, म्हणून त्या आकड्याचे तेवढेच टक्के धरा.

१.६ लिटरचं इंजिन, ६००० आरपीएम. निम्मं ०.८, गुणिले ६००० म्हणजे ४८०० लिटर, म्हणजे साधारण १७० सीएफएम. ८० टक्के धरले तर १३६. मोठं उदाहरण घेऊ: ५.७ लिटरचं व्ही-एट, ५००० आरपीएम. १४,२५० लिटर, म्हणजे ५०३ सीएफएम. ८५ टक्के भरणा धरला तर ४२८. या इंजिनावर लोक ७५० चा कार्बोरेटर हौसेनं चढवतात. ६०० चा भरपूर होतो, ५०० चाही चालतो.

आरपीएमचा आकडा मात्र प्रामाणिकपणे टाका. स्पीडोशेजारच्या मीटरवर लाल रेघ ६५०० ला आहे म्हणून ६५०० धरायचे नाहीत. तुम्ही खरोखर जिथवर नेता, आणि जिथवर त्या कॅमशाफ्टला दम आहे, तो आकडा धरा.

आता एक खाचखळगा. सीएफएमचे आकडे ज्या चाचणीवर दिलेले असतात ती सगळ्यांना सारखी नसते. अमेरिकी पद्धतीत चार बॅरलचा (हवेच्या चार नळ्यांचा) कार्बोरेटर पाऱ्याच्या १.५ इंच दाबफरकावर मोजतात, आणि एक किंवा दोन बॅरलचा ३ इंचांवर. दुप्पट फरकाला हवा दुप्पट जात नाही, १.४१ पट जाते. म्हणजे ५०० चा दोन बॅरल हा चार बॅरलच्या मापात ३५४ चाच असतो. दोन कॅटलॉगमधले आकडे शेजारी ठेवून 'हा मोठा' म्हणण्याआधी हा १.४१ चा भाग लावा.

आणि हे गणित कुठे लावायचं नाही तेही सांगतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असेल, उदाहरणार्थ चार सिलिंडरला वेबर डीसीओई या दोन नळ्यांच्या कार्बोरेटरची जोडी, तर प्रत्येक नळीतून हवा सलग वाहत नाही. एक झटका येतो आणि मग बराच वेळ शांतता. त्या झटक्यापुरती नळी मोठी लागते, त्यामुळे एकूण सीएफएमची बेरीज खूप मोठी दिसते. तिथे कार्बोरेटरच्या मापापेक्षा आत घातलेल्या चोकचा, म्हणजे बदलता येणाऱ्या व्हेंचुरीचा, व्यास बघायचा असतो.

मोठा का नको

कार्बोरेटरला पेट्रोल कोणी ढकलून देत नाही. व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून हवा वेगानं गेली की तिथला दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबामुळे फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल जेटमधून वर येतं. हा दाबाचा उतार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सगळी मेख या वर्गात आहे.

समजा मूळ व्हेंचुरी २३ मिलिमीटरची होती आणि तुम्ही २६ ची आणली. ऐकायला तीनच मिलिमीटर. गळ्याचं क्षेत्रफळ २८ टक्क्यांनी वाढलं, तेवढीच हवा घेताना वेग सुमारे २२ टक्क्यांनी घटला, आणि पेट्रोल ओढणारा दाबफरक जवळपास ३९ टक्क्यांनी कमी झाला. शहरात अर्ध्याहून कमी पॅडलवर चालवताना मेन जेटला हाकच पोचत नाही. पेट्रोल उशिरा येतं, जाड थेंबांत येतं, मॅनिफोल्डच्या भिंतींवर ओलं होऊन बसतं. मग मेकॅनिक मोठा मेन जेट घालतो, झटका कमी होतो, पण महामार्गावर प्लग काळे पडतात. नंतर ॲक्सिलरेटर पंप वाढवतात. हे दुष्टचक्र असंच चालू राहतं, आणि मुळात माप चुकलेलं असतं.

लहान कार्बोरेटरचं नुकसान फक्त शेवटच्या हजारभर आरपीएमला होतं. तिथे तुम्ही आठवड्यातून किती वेळ असता, त्यावर ठरवा.

प्रकार: बॅरल किती, उघडतात कसे

एक बॅरलचा साधा कार्बोरेटर लहान इंजिनासाठी मस्त. भाग कमी, बिघाड कमी. त्याच्या जागी दोन बॅरल घालायचा असेल तर एकामागून एक उघडणारा घ्या, ज्यात छोटी बॅरल आधी उघडते आणि पॅडल बरंच दाबल्यावर दुसरी. वेबर ३२/३६ डीजीव्ही हा याचा सगळ्यात माहितीचा नमुना. ३२ आणि ३६ हे थ्रॉटलचे व्यास, आतल्या व्हेंचुरी २६ आणि २७ च्या. रोजच्या चालवण्यात फक्त पहिली बॅरल काम करते. ३८ डीजीएएसमध्ये मात्र दोन्ही बॅरल एकदम उघडतात. दिसायला दोन्ही भावंडं, पण हा मोठ्या इंजिनासाठी आहे. लहान इंजिनावर तो चढवला तर वर सांगितलेलं सगळं भोगावं लागतं.

चार बॅरलमध्ये दुसरी जोडी व्हॅक्यूमवर उघडणारी घ्यायची की यांत्रिक, हा प्रश्न येतो. जड गाडी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, लांब गिअरिंग असेल तर व्हॅक्यूमवाली. इंजिनाला हवा हवी असेल तेव्हाच ती उघडते, त्यामुळे माप थोडं मोठं निघालं तरी सांभाळून घेते. यांत्रिक जोडी हलक्या, हाती गिअरच्या आणि जोरदार इंजिनासाठी.

एसयू आणि स्ट्रॉमबर्ग सीडी हे वेगळ्या घराण्यातले. यांत व्हेंचुरी स्वतःच लहानमोठी होते: हवेच्या मागणीप्रमाणे पिस्टन वर उचलला जातो, त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर येते, आणि गळ्यातला हवेचा वेग जवळजवळ कायम राहतो. त्यामुळे मापाच्या बाबतीत हे बरेच क्षमाशील असतात. एसयूच्या एचएस मालिकेत नंबरावरून माप कळतं: एक इंचावर तेवढे अष्टमांश. एचएस२ म्हणजे सव्वा इंच, एचएस४ म्हणजे दीड, एचएस६ म्हणजे पावणेदोन. इथे निवड मापाइतकीच सुईची असते. नवा एसयू आणला आणि सुई दुसऱ्याच इंजिनाची निघाली, तर बाकी सगळं बरोबर असूनही गाडी चालणार नाही. जोडी असेल तर दोन्हींच्या सुया, स्प्रिंगा आणि डॅम्पर एकसारखे हवेत.

एसयूची जोडी काढून हवा वरून खाली घेणारा एकच वेबर लावण्याची टूम जुनी आहे. दोन कार्बोरेटर जुळवत बसण्याचा त्रास वाचतो, हे खरं. ताकद वाढते असं समजून करू नका, कारण एका कार्बोरेटरपासून सगळ्या सिलिंडरपर्यंतच्या वाटा सारख्या नसतात.

ऐंशीच्या दशकातल्या काही गाड्यांवर संगणकाशी जोडलेला कार्बोरेटर असतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर वाचून संगणक त्यातली सोलेनॉइड हलवतो. तो काढून साधा लावला तर संगणकाचं गणित तुटतं, आणि बऱ्याच गाड्यांत इग्निशनचं टायमिंगही तोच संगणक बघत असतो. मग डिस्ट्रिब्युटरही बदलावा लागतो, आणि प्रदूषण तपासणीत अडचण येऊ शकते. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर तसाच कार्बोरेटर शोधा किंवा आहे तोच दुरुस्त करा.

फ्लॅन्ज, उंची आणि मधली प्लेट

कॅलिपर घेऊन तीन मापं काढा: स्टडच्या केंद्रापासून केंद्रापर्यंतचं लांबी-रुंदीतलं अंतर, मॅनिफोल्डच्या तोंडाचा व्यास, आणि तोंड एक आहे की दोन. पुठ्ठ्यावर फ्लॅन्जचा ठसा काढून नवीन कार्बोरेटरवर ठेवून बघणं हा खात्रीचा उपाय.

चार बॅरलमध्ये दोन घराणी आहेत. एकात चारही भोकं जवळपास सारखी. दुसऱ्यात, रोचेस्टरच्या क्वाड्राजेटसारख्यात, पुढची लहान, सुमारे ३५ मिलिमीटर, आणि मागची मोठी, सुमारे ५७ मिलिमीटर. सारख्या भोकांचा कार्बोरेटर दुसऱ्या प्रकारच्या मॅनिफोल्डवर अडॅप्टरनं बसतो, पण पातळ अडॅप्टर असेल तर कडेला गास्केटला टेकायला धातूच उरत नाही आणि हवा घ्यायला लागतो. उघड्या बाजूनं टॉर्च मारून गास्केट सगळीकडून दाबलं जातंय का ते बघून मगच घ्या.

कार्बोरेटरखाली बेकलाइटची किंवा तशाच उष्णता न वाहणाऱ्या वस्तूची जाड प्लेट होती का? असेल तर ती काढू नका. इंजिन बंद केल्यावर मॅनिफोल्डची उष्णता वर चढते, फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं, आणि दहा मिनिटांनी गाडी चालू करायला गेलं की ती फ्लड झालेली, म्हणजे आत जास्तीचं पेट्रोल साचलेली, असते. ही प्लेट ते रोखते. पण नवीन कार्बोरेटर उंच असेल आणि खाली अडॅप्टरही आला, तर बॉनेट त्याला अडेल. एअर फिल्टरच्या डब्यावर मातीचे छोटे गोळे ठेवा, बॉनेट हळूच बंद करून उघडा, गोळे किती चेपले ते मोजा. एअर फिल्टरच्या तोंडाचा व्यासही जुळायला हवा. होली आणि एडलब्रॉकच्या बहुतेक चार बॅरलला तो ५⅛ इंच असतो.

लिंकेज: इथे घाई नको

केबल असेल तर केबल पकडायचा ब्रॅकेट आणि लिव्हरवरचं अंतर जुळायला हवं. दांड्याचं लिंकेज असेल तर लिव्हर कुठल्या बाजूला आहे आणि कुठल्या दिशेला फिरतो हे बघा. नंतर एकाला पॅडल पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही वरून आत बघा: बटरफ्लाय अगदी उभा होतोय का? अर्धाच उघडणारा थ्रॉटल घेऊन गाडीत दम नाही म्हणणारे कमी नाहीत. सोडल्यावर तो स्वतःहून पूर्ण मिटायला हवा, इंजिन गार असताना आणि तापल्यावरही. परतीच्या स्प्रिंगा दोन लावा. एक तुटली तर दुसरी असावी.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्यांनी तर थांबून विचार करायला हवा. काही गिअरबॉक्सना थ्रॉटलकडून केबल जाते, आणि ती फक्त गिअर खाली पाडण्यासाठी नसते. जनरल मोटर्सच्या ७००आर४ मध्ये ती केबल आतल्या तेलाचा दाब ठरवते. नव्या कार्बोरेटरच्या लिव्हरवर ती चुकीच्या त्रिज्येवर लावली तर दाब कमी राहतो, क्लच प्लेटी घसरतात आणि गिअरबॉक्स जळतो. कार्बोरेटरबरोबर त्याच गिअरबॉक्ससाठी बनवलेला केबलचा ब्रॅकेट आणि लिव्हर मिळत नसेल, तर तो कार्बोरेटर घेऊ नका.

चोक आणि व्हॅक्यूमची तोंडं

चोक हाती, विजेवर, गरम पाण्यावर किंवा एक्झॉस्टच्या गरम हवेवर चालणारा असतो. वेबरच्या डीजी मालिकेत नावावरूनच कळतं: डीजीव्ही हाती, डीजीएव्ही पाण्यावर, डीजीईव्ही विजेवर. बदली घेताना सोयीचा सहसा विजेवरचा पडतो. त्याला किल्ली चालू केल्यावर मिळणारे पूर्ण १२ व्होल्ट द्या. इग्निशन कॉइलवरून तार घेऊ नका. तिथे बॅलास्ट रेझिस्टर असेल तर व्होल्टेज कमी मिळतं, चोक उशिरा उघडतो आणि वर कॉइलचाही वाटा जातो. वेबर आणि सोलेक्सच्या काही कार्बोरेटरवर आयडल बंद करणारी सोलेनॉइड असते, तिलाही तशीच तार लागते. ती जोडायची राहिली तर पॅडल दाबेपर्यंत चालणारी गाडी आयडलला येताच बंद पडते, आणि लोक जेट खोलत बसतात.

व्हॅक्यूमचे पाइप जुन्या कार्बोरेटरवर किती होते ते मोजा. डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्सचं तोंड दोन प्रकारचं असतं: एकात आयडललाच पूर्ण व्हॅक्यूम असतं, दुसरं बटरफ्लायच्या जरा वर असल्यानं पॅडल हललं की मगच व्हॅक्यूम येतं. मूळ गाडीला जे होतं तेच वापरा, नाहीतर आयडल आणि टायमिंग दोन्ही बदलतील. क्रँककेसची हवा ओढणारी पीसीव्ही नळी जाड असते. तिला तोंडच नसेल तर खाली तोंडवाली स्पेसर प्लेट घालावी लागते. उरलेली तोंडं नीट बूच लावून बंद करा.

इंधनाचा दाब

सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात धोकादायक. वेबरला २.५ ते ३.५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) पुरतो. एसयूलाही तेवढ्याच आसपासचा. होली किंवा एडलब्रॉकच्या चार बॅरलला ५.५ ते ६.५ लागतो. व्ही-एटचा पंप किंवा सढळ हातानं लावलेला विजेचा पंप वेबरला जोडला, तर पेट्रोल नीडल व्हॉल्व्ह ढकलून आत येतं, फ्लोट चेंबर भरून वाहतं आणि ते गरम एक्झॉस्टवर पडतं. दाब गेजनं मोजा. जास्त असेल तर रेग्युलेटर लावा. फिल्टर पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये घ्या.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल वापरत असाल तर रबरी पाइप त्यासाठीच बनवलेले घ्या. जुन्या रबराचा चिकटा होऊन तो जेटमध्ये बसतो. अशा पेट्रोलात ऑक्सिजन आधीच असल्यानं मिश्रण थोडं लीन (पेट्रोल कमी पडणारं) होतं. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १, तर १० टक्के इथेनॉल असलेल्याला १४.१ च्या आसपास. मेन जेट एखाद्या पायरीनं वाढवावा लागू शकतो. १३० चा १३५ केला तर छिद्राचं क्षेत्रफळ सुमारे ८ टक्के वाढतं, म्हणजे एक पायरीही बरीच असते. उंच जागी उलट होतं. समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर हवा सुमारे १४ टक्के विरळ असते आणि स्थिर व्हेंचुरीचा कार्बोरेटर साधारण ७ टक्क्यांनी रिच (पेट्रोल जास्त होऊन) चालतो. तिथे कायम राहणाऱ्यानं जेट कमी करावा, सुट्टीला जाणाऱ्यानं काही करू नये.

नवा, रीकंडिशन्ड की जुना

नवा घेताना पेटीवरच्या नावापेक्षा ओतकामाकडे बघा. नकली कार्बोरेटरची कड खडबडीत असते, बटरफ्लाय उजेडासमोर धरला की एका बाजूनं फट दिसते, जेटवर आकडे अस्पष्ट असतात किंवा नसतातच. नावाजलेल्या कार्बोरेटरची स्वस्त नक्कल चालूच होणार नाही असं नाही, पण आतल्या वाटा कशा कोरल्यात ते बाहेरून दिसत नाही, आणि मग जेटचं कोणतंही कोष्टक तिला लागू पडत नाही.

रीकंडिशन्डमध्ये एक प्रश्न विचारा: थ्रॉटलच्या दांड्याला बुश घातले का? "साफ करून किट घातलंय" हे उत्तर आलं तर तुम्ही तुमच्याच जुन्या कार्बोरेटरला घरी ते करू शकता. दुसरा प्रश्न, जेट कुठल्या इंजिनाचे आहेत. वेगवेगळ्या चार कार्बोरेटरचे भाग जमवून एक बनवलेला असतो, वर नंबर एका गाडीचा आणि आत जेट दुसऱ्या गाडीचे. झाकण उघडून बघू देत नसेल तर सोडून द्या.

बसवताना आणि जुळवताना

बॅटरीची तार काढा, अग्निशामक हाताशी ठेवा. गास्केट नवीन, कोरडं. सिलिकॉन सीलंट लावू नका, पेट्रोलनं ते फुगतं आणि त्याचे तुकडे आत जातात. नट एकदम आवळू नका. समोरासमोरचे, थोडे थोडे. एकाच बाजूनं ताणला की फ्लॅन्ज वाकतो. फ्लोट चेंबर आधी भरून घ्या म्हणजे कोरडा स्टार्टर फिरवत बसावं लागत नाही. चालू झाल्यावर पहिली नजर गळतीवर, आयडलवर नंतर.

इंजिन पूर्ण तापवा, चोक पूर्ण उघडलेला असल्याची खात्री करा, आणि टायमिंग आधी लावा. मिक्श्चर स्क्रू हलक्या हातानं टेकवून दीड-दोन फेऱ्या बाहेर काढा. मग हळूहळू आत घ्या. इंजिन अडखळायला लागलं की थोडा परत बाहेर, जिथे आयडल सगळ्यात गुळगुळीत आणि वेगवान होतं तिथवर. वेबरवर हा स्क्रू अडीच फेऱ्यांहून जास्त बाहेर काढावा लागला तर आयडल जेट लहान आहे. आयडल स्पीडचा स्क्रू खूप आत घ्यावा लागत असेल, तर बटरफ्लाय इतका उघडला आहे की पॅडल थोडं दाबल्यावर पेट्रोल देणारी पुढच्या टप्प्याची भोकं आयडललाच उघडी पडली. मग पॅडल दाबताना झटका येणारच.

रस्त्यावर घ्या. स्थिर वेगात हलके झटके आणि प्लग पांढरे, तर लीन. सुस्त, धुरकट आणि प्लगवर काजळी, तर रिच. एअर-फ्युएल मीटर असेल तर पूर्ण पॅडलला १२.५ ते १३, आणि सरळ चालताना १४ ते १५ च्या दरम्यान आकडा बघा. एका वेळी एकच जेट बदला आणि काय बदललं ते लिहा. दोन बदलले तर फरक कुणामुळे पडला हे कळत नाही.

काही दिवस चालवल्यावर, इंजिन गार असताना, तळाचे नट पुन्हा एकदा हळुवार तपासा, नवीन गास्केट बसलेलं असतं. आणि जुना कार्बोरेटर भंगारात देऊ नका. त्याचा लिव्हर, ब्रॅकेट, चोकचा कान, एखादा स्क्रू केव्हा लागेल सांगता येत नाही, आणि उद्या कुठे बुश घालणारा भेटला तर तोच परत चढवता येईल.